संशोधन-प्रश्नापासून शोधविधानापर्यंत: डेटाबेसमध्ये नेमके कसे शोधावे

दापोलीच्या कृषी विद्यापीठात, रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा सिंधुदुर्गातील एखाद्या महाविद्यालयात संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेला विद्यार्थी डेटाबेस उघडतो, तेव्हा बहुतेक वेळा आपला प्रश्न आहे तसाच, पूर्ण वाक्यात, शोधाच्या चौकटीत लिहितो. मग एकतर हाती काहीच लागत नाही, नाहीतर हजारो नोंदी समोर येतात आणि पहिल्या दोन पानांवर जे दिसेल त्यावर साहित्य-आढाव्याचे प्रकरण उभे राहते. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली असली, तरी त्यांतला आपल्या कामाचा निबंध कोणता हे ती योजना सांगत नाही. त्यासाठी शोध नीटच करावा लागतो. बहुतेक ग्रंथसूचीय डेटाबेस, म्हणजे निबंधांच्या नोंदींचे शोधता येणारे संग्रह, प्रश्नाचा अर्थ लावत नाहीत. ते दिलेले शब्द शीर्षकाशी, गोषवाऱ्याशी आणि विषय-शब्दांशी (निबंधाच्या विषयासाठी ठरवून लावलेल्या शब्दांशी) जुळवून पाहतात. म्हणून शोधविधान, म्हणजे शोधाच्या चौकटीत टंकायची शब्दांची ओळ, हे प्रश्नाचे संक्षिप्त रूप नव्हे. प्रश्न सुटा करून, त्याचा प्रत्येक भाग दुसऱ्या लेखकांनी कोणत्या शब्दांत लिहिला असेल याचा अंदाज बांधून, ते नव्याने रचावे लागते.

पुढील विधाने येथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती इंग्रजी शब्दांत व रोमन लिपीत लिहावीत आणि अँड (दोन्ही शब्द हवेत), ऑर (कोणताही एक चालेल), नॉट (हा शब्द नको) ही जोडपदे कॅपिटल अक्षरांत ठेवावीत, कारण पबमेड हा वैद्यकीय व जीवशास्त्रीय निबंधांचा डेटाबेस आणि गूगल स्कॉलर यांना त्यांची तशीच अपेक्षा असते.

प्रश्न आधी मराठीत, पूर्ण वाक्यात

‘आंब्यातील साका’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘हापूस आंब्यावर काढणीपूर्वी कॅल्शियमची फवारणी केली तर फळांत साका होण्याचे प्रमाण कमी होते का?’ हा प्रश्न झाला, कारण त्यात कशावर, काय केल्याने, कशात फरक पडतो हे तिन्ही आले आहे. हे वाक्य कागदावर लिहावे आणि ते मराठीत लिहावे असा माझा आग्रह आहे. थेट इंग्रजीत लिहू लागले की विद्यार्थी पाठ्यपुस्तकातली ठरावीक वाक्ये उचलतो आणि आपल्याला नेमके काय विचारायचे आहे हे धूसरच राहते.

या टप्प्यावर विषयाचे मूलभूत ज्ञान उपयोगी पडते. साका झालेले फळ बाहेरून निर्दोष दिसते. कापल्यावर आत फिकट, स्पंजासारखा, आंबट आणि न पिकलेला गर सापडतो. ही शरीरक्रियात्मक विकृती आहे, बुरशीचा रोग नव्हे. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी बुरशीनाशके आणि रोगनियंत्रण यांच्या शब्दांनी शोध घेतो, भलत्याच निबंधांच्या राशीत अडकतो आणि दोष मात्र डेटाबेसला देतो.

प्रश्नाचे तुकडे आणि त्यांतली निवड

वरील प्रश्नात आंबा (हापूस), साका, कॅल्शियम, काढणीपूर्व फवारणी आणि प्रमाण कमी होणे अशा पाच कल्पना दिसतात. त्या पाचही विधानात घालणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. ‘अँड’ने जोडलेली प्रत्येक नवी कल्पना निकाल गाळत जाते, आणि लेखकाने ती कल्पना गोषवाऱ्यात नावाने लिहिली नसेल तर कामाचा निबंधही गळतो.

म्हणून प्रत्येक तुकड्याला एक प्रश्न विचारावा: माझ्या उपयोगाच्या निबंधाच्या शीर्षकात किंवा गोषवाऱ्यात ही कल्पना असलीच पाहिजे का? ‘प्रमाण कमी होणे’ तात्काळ बाद होते. कोणी ‘घट झाली’ लिहील, कोणी ‘फरक आढळला नाही’ लिहील, आणि फरक न आढळलेला निबंध तर आपल्याला अधिकच हवा आहे. परिणाम, अभ्यास, संबंध, भूमिका, महत्त्व हे शब्दही याच कारणाने शोधविधानात नसावेत. ‘काढणीपूर्व’ ही कल्पना पहिल्या फेरीत बाजूला ठेवावी, कारण अनेक लेखक केवळ फवारणी किती दिवस आधी केली एवढेच लिहितात. राहिले आंबा, साका आणि कॅल्शियम. साक्यासाठी इंग्रजीत ‘स्पंजी टिश्यू’ हा शब्दप्रयोग आहे, पण तो शरीररचनाशास्त्रातही वेगळ्या अर्थाने येत असल्यामुळे आंबा वगळून चालणार नाही. मुख्य विधान या तीन कल्पनांचेच होईल.

‘कोकण’ हा शब्द विद्यार्थ्याला हमखास घालावासा वाटतो, आणि या प्रश्नासाठी तो घालू नये. हापूस वलसाडच्या पट्ट्यात आणि कर्नाटकातही पिकतो; तिथे झालेले प्रयोग आपल्याला तेवढेच हवे आहेत. शिवाय वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात झालेल्या प्रयोगाचा गोषवारा वेंगुर्ल्याचे नाव न घेताही लिहिलेला असू शकतो. ठिकाण पद्धतीच्या प्रकरणात जाते आणि तो मजकूर बहुतेक डेटाबेस शोधत नाहीत. प्रश्न एखाद्या स्थळाचाच असेल तेव्हा गोष्ट वेगळी. रत्नागिरीच्या सड्यांवरील कातळशिल्पांविषयी शोधताना स्थळ वगळले तर जगभरातली शैलचित्रे अंगावर येतील.

काही सुटले तर नाही ना, हे तपासण्यासाठी तयार चौकटी आहेत. वैद्यकीय प्रश्नांसाठी रुग्णगट, उपाय, तुलना आणि निष्पत्ती ही चार अंगांची ‘पिको’ चौकट प्रचलित आहे. मला मात्र कृषी आणि समाजशास्त्राच्या प्रश्नांसाठी ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची मांडणी अधिक सोयीची वाटते. १९३३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाच्या (ग्रंथांची विषयवार मांडणी करण्याच्या पद्धतीच्या) पुढील विकासात प्रत्येक विषयाचे मूळ वस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ अशा पाच पैलूंत विघटन करण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या प्रश्नात आंबा ही वस्तू, कॅल्शियम हे द्रव्य, फवारणी ही क्रिया. या चौकटी विचारासाठी आहेत. त्यांतला प्रत्येक रकाना विधानात भरलाच पाहिजे असे मुळीच नाही.

शब्दांचा साठा

खरा वेळ इथे द्यावा. प्रत्येक कल्पनेसाठी कागदावर एक स्तंभ आखून तिच्यासाठी साहित्यात वापरले गेलेले सगळे शब्द त्यात लिहावेत. आंब्यासाठी मँगो, त्याची दोन्ही अनेकवचने, मँगिफेरा इंडिका हे शास्त्रीय नाव, तसेच अल्फान्सो आणि हापूस. साक्यासाठी स्पंजी टिश्यू आणि त्याच अर्थाने वापरला जाणारा ‘इंटर्नल ब्रेकडाउन’. ‘जेली सीड’ आणि ‘सॉफ्ट नोज’ या आंब्याच्या आतील गराच्याच दुसऱ्या विकृती आहेत. त्या मुख्य विधानात नसाव्यात, पण फारच थोडे हाती आले तर तुलनेसाठी वेगळा शोध घ्यावा. कॅल्शियमसाठी तो एकच शब्द पुरतो, कारण कॅल्शियम क्लोराइड आणि कॅल्शियम नायट्रेट या दोन्ही नावांत तो आहेच.

बागायतदाराची भाषा आणि निबंधाची भाषा यांत मोठे अंतर असते. बागेत ‘चौदा आणे तयार फळ’ म्हणतात. निबंधात त्याला पक्वतेची टक्केवारी, विशिष्ट गुरुत्व किंवा फळधारणेनंतरचे दिवस म्हणतात. मोहोरावरचे तुडतुडे शोधायचे तर ‘हॉपर’ या शब्दाबरोबर इडिओस्कोपस हे प्रजातीनाम हवे. काजूवरचा ढेकण्या ‘टी मॉस्किटो बग’ या इंग्रजी नावाने आणि हेलोपेल्टिस या प्रजातीनावाने सापडतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, शोधताना रामपण आणि रामपणी ही रोमन लेखनरूपे, शिवाय ‘शोअर सीन’ आणि ‘बीच सीन’ असे चारही शब्द द्यावे लागतात. कातळशिल्पांना कोणी जिओग्लिफ म्हणते, कोणी पेट्रोग्लिफ, कोणी नुसतेच रॉक आर्ट. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत ती जिओग्लिफ या नावाने गेली, पण त्याआधीचे आणि नंतरचेही लेखन त्या एका शब्दाने सापडणार नाही.

शास्त्रीय नावे स्थिर असतात असा समज आहे, तो खरा नाही. खाडीकाठच्या तलावांत वाढवली जाणारी व्हेनामी कोळंबी काही निबंधांत पिनियस व्हेनामी आहे, तर काहींत लिटोपिनियस व्हेनामी. अशा वेळी केवळ ‘व्हेनामी’ हा दुसरा शब्द शोधला की दोन्ही गट एकत्र येतात. कोळंबीला ‘श्रिंप’ आणि ‘प्रॉन’ असे दोन शब्द आहेत आणि दोन्ही द्यावे लागतात.

स्थलनामांचेही असेच आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याविषयीचे त्याआधीचे लेखन रत्नागिरी जिल्ह्याच्या नावावर आहे. रायगडसाठी कुलाबा हे जुने नावही घालावे, आणि २०१४ पूर्वीच्या पालघरसाठी ठाणे. ब्रिटिशकालीन कागदपत्रांत कोकणाचे पहिले अक्षर कधी ‘के’, कधी ‘सी’ असते आणि रत्नागिरीचे स्पेलिंगही निरनिराळे आढळते.

हा साठा डोक्यातून काढत बसू नये. विषयावरचा एक चांगला निबंध हाती घ्यावा, त्याचे शीर्षक, गोषवारा आणि लेखकाने दिलेले कीवर्ड वाचावेत, मग त्याने उद्धृत केलेल्या दोन-तीन निबंधांचे तसेच करावे. स्तंभ भराभर भरतात.

जोडणी

एका स्तंभातील शब्द ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवावेत आणि कंस एकमेकांना ‘अँड’ने जोडावेत. दोनपेक्षा जास्त शब्दांचा ठरावीक प्रयोग किंवा दोन शब्दांची जोडी अवतरणचिन्हांत घालावी. आपले विधान असे होते:

(मँगो ऑर मँगोज ऑर "मँगिफेरा इंडिका" ऑर अल्फान्सो ऑर हापूस) अँड ("स्पंजी टिश्यू" ऑर "इंटर्नल ब्रेकडाउन") अँड कॅल्शियम

कंस शोभेसाठी नाहीत. ‘मँगो ऑर मँगिफेरा अँड कॅल्शियम’ ही कंसाविना ओळ पबमेड डावीकडून उजवीकडे वाचते, म्हणजे आधी दोन्ही नावे एकत्र करून मग कॅल्शियमची अट लावते. वेब ऑफ सायन्स हा दुसरा डेटाबेस मात्र ‘अँड’ आधी सोडवतो, त्यामुळे मँगो हा शब्द असलेले सर्व निबंध कॅल्शियमच्या अटीशिवाय निकालात येतात. कंस घातले की कोणता डेटाबेस कोणता क्रम पाळतो हे लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही.

शब्दाच्या मुळानंतर तारांकन दिल्यास त्याची सगळी रूपे शोधली जातात, ही सोय मोठी आहे आणि फसवीही. ‘मँगो*’ लिहिले की मँगोस्टीनही येते. म्हणून वरील विधानात एकवचन आणि अनेकवचन वेगवेगळे लिहिले आहे. ‘कॅश्यू*’ निर्धोक आहे, पण घाईने त्यातली शेवटची अक्षरे गाळली तर रोख रकमेवरचे अर्थशास्त्र हजर होते. पबमेडमध्ये तारांकनापूर्वी किमान चार अक्षरे लागतात आणि तारांकन दिलेल्या शब्दापुरते त्याचे आपोआप विषय-शब्द जोडणे थांबते.

दोन शब्द जवळपास असावेत, पण शेजारीच असावेत असे नाही, अशी गरज असेल तर सान्निध्य-जोडपद वापरावे. वेब ऑफ सायन्समध्ये ‘कॅल्शियम निअर/५ स्प्रे’ असे लिहिल्यास दोन्ही शब्दांत जास्तीत जास्त पाच शब्दांचे अंतर चालते. स्कोपस या आणखी एका डेटाबेसमध्ये याच कामासाठी ‘डब्ल्यू/५’ लिहितात. पबमेडमध्ये ही सोय २०२२ पासून आली, ती शीर्षक आणि गोषवारा अशा ठरावीक क्षेत्रांपुरतीच आहे.

‘नॉट’ शक्यतो वापरूच नये. पर्ससीन मासेमारीवर शोधताना ट्रॉलर नकोत म्हणून ‘नॉट ट्रॉल*’ लिहिले, तर पर्ससीन आणि ट्रॉलिंग यांची तुलना करणारे निबंधही जातात, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या प्रश्नावर काम करणाऱ्याला बहुधा तेच सर्वांत उपयोगी असतात. नको ते निबंध डोळ्यांनी वगळणे परवडते.

विषय-शब्दांची मदत

काही डेटाबेसमध्ये प्रत्येक निबंधाला ठरावीक शब्दसंग्रहातील विषय-शब्द लावलेले असतात. पबमेडचा ‘मेश’ आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा ‘अ‍ॅग्रोव्होक’ हे त्यांतले आपल्या कामाचे दोन. लेखकाने कोणताही शब्द वापरला तरी विषय-शब्द एकच राहतो, हा त्यांचा फायदा. अगदी नव्या निबंधांना ते अजून लागलेले नसतात, ही मर्यादा. म्हणून विषय-शब्द आणि मोकळे शब्द एकाच कंसात ‘ऑर’ने जोडावेत.

माकडतापाचे उदाहरण घेऊ. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला आणि गोचिडींमार्फत पसरणारा हा आजार २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात आढळला. ‘काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना माकडतापाचा धोका कोणत्या कामांत अधिक असतो?’ असा प्रश्न असेल, तर काजू, मजूर, धोका, सिंधुदुर्ग हे सगळे ‘अँड’ने जोडण्याचा मोह आवरावा. या आजारावरचे एकूण लेखनच थोडे आहे. ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ हा मेशमधला विषय-शब्द आणि तोच मोकळा शब्दप्रयोग, एवढ्याच एका कंसाने शोधून सगळी शीर्षके वाचून काढणे शक्य असते. निकाल हाताबाहेर गेले तरच दुसरा कंस जोडावा, आणि त्यात काजूबरोबर बागा, शेतमजूर, वनकामगार, व्यवसायजन्य संपर्क असे व्यापक शब्द असावेत.

चाचणी

विधान पहिल्यांदा लिहिले की ते बरोबरच आहे असे समजू नये. ज्यांची उपयुक्तता आधीच माहीत आहे असे तीन-चार निबंध बाजूला ठेवावेत. मार्गदर्शकांनी सुचवलेले असतील तर उत्तमच. शोध चालवल्यावर ते निकालात आहेत का ते पाहावे. एखादा नसेल तर तो त्या डेटाबेसमध्ये मुळात आहे का हे शीर्षकाने तपासावे. असेल, तर कोणत्या कंसाने तो गाळला हे शोधावे. यासाठी प्रत्येक कंस स्वतंत्र ओळ म्हणून चालवून मग ओळींच्या क्रमांकांनी जोडणे हा उत्तम मार्ग आहे. पबमेडच्या प्रगत शोधातील इतिहासाच्या भागात ही सोय आहे. आंब्याच्या ओळीत भरपूर नोंदी, कॅल्शियमच्या ओळीत त्याहून जास्त, आणि साक्याच्या ओळीत मोजक्याच नोंदी दिसल्या, तर दुरुस्ती कुठे करायची हे सांगावे लागत नाही.

निकाल फार कमी असतील तर आधी एक कंस काढावा, मग उरलेल्या कंसांत शब्द वाढवावेत. क्रम हाच असावा, कारण शब्द वाढवून फरक न पडण्याचे कारण पुष्कळदा एखादा अनावश्यक कंसच असते. निकाल फार जास्त असतील तर शोध शीर्षक आणि गोषवारा या क्षेत्रांपुरता मर्यादित करावा, मोघम शब्द सान्निध्याने बांधावेत, आणि एवढे करूनही भागले नाही तर कंस वाढवावा. वर्षाची मर्यादा केवळ संख्या घटवण्यासाठी घालणे मला पटत नाही. साक्यावरचे पायाभूत काम स्वातंत्र्यपूर्व काळापासून झालेले आहे.

प्रबंध, सरकारी भांडारे आणि मराठी मजकूर

गूगल स्कॉलरमध्ये वरील लांबलचक विधान जसेच्या तसे चालत नाही. तिथे २५६ अक्षरांची मर्यादा आहे, तारांकनाने शब्दरूपे शोधता येत नाहीत आणि एका शोधात हजाराच्या पुढचे निकाल पाहता येत नाहीत. त्यामुळे तिथे विधान फोडून दोन-तीन छोटे शोध घ्यावेत. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे भांडार शोधगंगा, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे कृषिकोश आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे भांडार येथे तर दोन शब्दांचा शोध सर्वांत फलदायी ठरतो: ‘मँगो कॅल्शियम’, मग ‘अल्फान्सो स्पंजी’, मग विद्यापीठाचे नाव निवडून चाळणे. कोकणातल्या पिकांवरचे पुष्कळसे प्रायोगिक काम नियतकालिकांत कधीच न छापता पदव्युत्तर प्रबंधांतच राहिलेले असल्यामुळे ही पायरी कंटाळवाणी असली तरी टाळू नये.

मराठी मजकुराची अडचण निराळी आहे. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे असतात, म्हणून ‘खारभूमी’ असे कितीही शोधले तरी त्या सापडत नाहीत. अशा वेळी संस्थेच्या संकेतस्थळावरील प्रकाशनांची यादीच वाचावी लागते. युनिकोड मजकुरातही कोकण आणि कोंकण, मासेमारी, मच्छीमारी आणि मत्स्यव्यवसाय, खारजमीन एक शब्द आणि दोन शब्द, हे सगळे ‘ऑर’ने द्यावे.

नोंदवही

प्रत्येक शोधाची नोंद त्याच वेळी करावी: डेटाबेसचे नाव, तारीख, विधान अक्षरशः जसे टंकले तसे, लावलेल्या मर्यादा आणि निकालांची संख्या. विधान आठवणीने पुन्हा लिहू नये, चौकटीतून नक्कल करून घ्यावे. एका कंसाचा फरक किती पडतो हे वर पाहिलेच. पद्धतशीर आढावा लिहिणाऱ्यांसाठी शोधाची नोंद कशी द्यावी याची ‘प्रिस्मा-एस’ ही १६ मुद्द्यांची तपासणी-यादी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. साध्या प्रबंधालाही तिच्यातले निम्मे मुद्दे सहज लागू पडतात.

प्रबंध सादर करण्यापूर्वी सर्व विधाने एकदा पुन्हा चालवावी लागतात, कारण पहिला शोध आणि सादरीकरण यांत दोन-तीन वर्षे सहज जातात. त्या वेळी केवळ नवीन नोंदी पाहण्यासाठी प्रकाशन-वर्षाची मर्यादा न घालता, जिथे सोय असेल तिथे डेटाबेसमध्ये नोंद दाखल झाल्याच्या तारखेची मर्यादा घालावी. जुन्या अंकातला निबंधही डेटाबेसमध्ये उशिरा दाखल होऊ शकतो, आणि प्रकाशन-वर्षाने गाळल्यास तो दोन्ही फेऱ्यांतून निसटतो.